पुदिना : रोपाच्या पानापासून जेवणाच्या पानापर्यंत

उत्तर प्रदेशाच्या झाशी जिल्ह्यात, झाशी शहरापासून पूर्वेकडे साठ-पासष्ट किलोमीटर अंतरावर गुरसराय नावाचे गाव आहे. मराठी वाचकाला हे नाव अगदीच परके वाटू नये. १७२९ मध्ये पहिला बाजीराव छत्रसालाच्या साहाय्यास धावून गेला आणि त्यानंतर बुंदेलखंडाचा मोठा भाग पेशव्यांकडे आला. त्या मुलखाचा कारभार रत्नागिरी जिल्ह्यातील नेवरे गावच्या गोविंद बल्लाळ खेर यांजकडे सोपविण्यात आला. इतिहास त्यांना गोविंदपंत बुंदेले या नावाने ओळखतो. त्यांच्याच वंशाकडे पुढे गुरसरायची जहागीर होती. कोकणातील पावसात वाढलेली ही माणसे ज्या प्रदेशात जाऊन राहिली, तेथे वर्षाकाठी सुमारे ८०० ते ९०० मिलीमीटरच पाऊस पडतो, आणि मे-जून महिन्यांत तापमान ४५ अंश सेल्सियसच्या घरात जाते. दुपारी वाहणाऱ्या उष्ण वाऱ्यास तेथे ‘लू’ म्हणतात.

अशा उन्हाळ्यात उत्तर हिंदुस्थानातील घरोघरी एका हिरव्या पानाची आठवण होते. कैरीच्या पन्ह्यात, ताकात, जिऱ्याच्या पाण्यात आणि चटणीत ते पान पडले की पदार्थ ‘थंड’ झाला असे मानले जाते. हे पान म्हणजे पुदिना. पुदिन्याने खरोखर थंडावा येतो काय, त्याचा वास येतो कोठून, चटणी काही वेळाने काळी का पडते, आणि या पानाचा उपयोग कसा केला असता त्याचे गुण पदरात पडतात, हे प्रश्न साधे वाटतात. पण त्यांची उत्तरे वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि शरीरशास्त्र या तिन्हींच्या अंगणातून फिरवून आणणारी आहेत.

तुळशीच्या कुळातील एक रोप

‘पुदिना’ हा शब्द फार्सीतून आला आहे. वनस्पती मात्र जगाच्या पुष्कळ भागांत पूर्वापार माहीत असलेली आहे. पुदिन्याचे देठ बोटांमध्ये धरून फिरविले तर ते गोल नसून चौकोनी आहे, हे लगेच ध्यानात येते. पाने जोडीजोडीने समोरासमोर असतात आणि प्रत्येक जोडी खालच्या जोडीशी काटकोन करून उभी असते. फुले लहान, जांभळट वा पांढरट असून झुबक्यांनी येतात. हीच लक्षणे तुळस, सब्जा आणि मरवा यांतही आढळतात, आणि ही सारी रोपे ‘लॅमिएसी’ या एकाच कुलातील आहेत. शाळेच्या बागेत तुळशीचे व पुदिन्याचे देठ शेजारी ठेवून हे नाते विद्यार्थ्यांना सहज दाखविता येईल.

बाजारात जुडीने मिळणारा नेहमीचा पुदिना बहुधा ‘मेंथा स्पायकाटा’ या जातीचा असतो. तिला हे शास्त्रीय नाव लिनीअसने १७५३ मध्ये दिले. तिची दोन भावंडे प्रसिद्ध आहेत. एक ‘पेपरमिंट’, गोळ्या व औषधे यांत तिचे तेल वापरतात. दुसरी ‘मेंथा आर्व्हेन्सिस’, म्हणजे जपानी पुदिना. मेंथॉल हा पदार्थ मुख्यतः तिच्यापासून काढतात.

पेपरमिंटची कथा मोठी मनोरंजक आहे. ती पाणपुदिना आणि नेहमीचा पुदिना यांच्या संकरातून निर्माण झाली. नेहमीच्या पुदिन्याच्या पेशीत ४८ आणि पाणपुदिन्याच्या पेशीत ९६ गुणसूत्रे असतात. दोहोंकडून निम्मी निम्मी घेऊन जन्मलेल्या संकरज रोपात ती ७२ होतात. या ७२ गुणसूत्रांच्या जोड्या नीट जुळत नाहीत, म्हणून त्या रोपास सकस बी धरत नाही. असे असूनही पेपरमिंट जगभर पसरली आहे, कारण पुदिन्याला वाढण्यासाठी बियांची वाट पाहावी लागत नाही. त्याची खोडे जमिनीलगत आडवी धावतात आणि प्रत्येक पेरापाशी मुळे सोडतात. असा एक तुकडा ओल्या मातीत पुरला की नवे रोप तयार होते. स्वयंपाकासाठी आणलेल्या जुडीतील चार जून काड्या खालची पाने काढून पाण्यात उभ्या ठेवल्या, तर आठ-दहा दिवसांत त्यांना पांढरी मुळे फुटतात. शाळेतल्या मुलांना हा प्रयोग करून पाहता येईल.

सुगंधाची कोठारे

न चुरगळलेल्या पुदिन्याला मंद वास येतो. पान बोटांनी चोळताच तो एकदम दरवळतो. याचे कारण पानाच्या पृष्ठभागावर आहे. भिंगातून पाहिले तर पानाच्या पाठीवर बारीक चकाकणारे ठिपके दिसतात. त्या ग्रंथी होत. ग्रंथीतील पेशी सुगंधी तेल तयार करतात आणि ते पेशींच्या वरच्या पातळ आवरणाखाली साठून राहते. आवरण फाटले की तेल मोकळे होते आणि त्याची वाफ हवेत मिसळते. रोप हे तेल आपल्या चटणीसाठी करीत नाही. पाने कुरतडणाऱ्या किड्यांना व रोगजंतूंना दूर ठेवण्यासाठी त्याची ही तरतूद आहे. कीटकाला नकोसा वाटणारा वास माणसाला हवासा वाटावा, हा योगायोगच म्हटला पाहिजे.

नेहमीच्या पुदिन्याच्या तेलात ‘कार्व्होन’ या द्रव्याचा वाटा सर्वांत मोठा असतो. येथे निसर्गाची एक गंमत आहे. शेपूच्या बियांत, म्हणजे बाळंतशोपांतही कार्व्होन असते. दोन्ही ठिकाणी रेणूतील अणू तेच, त्यांची संख्या तीच आणि जोडणीही तीच. मग पुदिन्याचा व बाळंतशोपांचा वास इतका निराळा का? उजवा हात आणि डावा हात आरशातील प्रतिबिंबांसारखे असतात. पण उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात नीट बसत नाही. कार्व्होनचे हे दोन रेणू तसेच आहेत. पुदिन्यातील रेणू हा बाळंतशोपांतील रेणूचे आरशातले प्रतिबिंब आहे. नाकातील ग्राहके या मोज्यांसारखी असतात. डाव्या-उजव्याचा भेद त्यांना कळतो. वासातील फरक अशुद्धीमुळे नसून खरोखर या भेदामुळेच आहे, हे १९७१ मध्ये शास्त्रज्ञांनी शुद्ध द्रव्ये घेऊन सिद्ध केले. एका वाटीत पुदिन्याचे चुरगळलेले पान आणि दुसरीत कुटलेल्या बाळंतशोपा घेऊन कोणीही ही परीक्षा घरी करून पाहावी.

गारवा : खरा की भासाचा ?

पेपरमिंटची गोळी तोंडात धरून श्वास आत घेतला की तोंडात हिवाळा अवतरल्यासारखे वाटते. तोंडात त्या वेळी तापमापक ठेवला, तर पारा खाली गेलेला दिसणार नाही. हा गारवा मेंथॉलमुळे जाणवतो. आपल्या त्वचेत व तोंडात थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांशी एका विशिष्ट प्रथिनाची सूक्ष्म दारे असतात. त्वचा थंड होऊन तापमान सुमारे २५ अंशांच्या आसपास आले की ती उघडतात आणि मेंदूकडे ‘थंड’ असा संदेश जातो. मेंथॉल हीच दारे थंडीवाचून उघडते. हे प्रथिन २००२ मध्ये अमेरिकेतील डेव्हिड ज्युलियस व आर्डेम पॅटापुटियन यांच्या प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे ओळखले. तापमान व स्पर्श यांच्या ग्राहकांवरील संशोधनाबद्दल या दोघांना २०२१ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. मिरचीने तोंड भाजल्यासारखे वाटते, पण भाजत नाही. मेंथॉलने तोंड गारठल्यासारखे वाटते, पण गारठत नाही. दोन्ही एकाच प्रकारचे भास आहेत.

येथे आणखी एक भेद सांगितला पाहिजे. आपल्या चटणीतल्या नेहमीच्या पुदिन्यात कार्व्होन पुष्कळ व मेंथॉल थोडे असते. म्हणून त्याचा गारवा पेपरमिंटपेक्षा बराच सौम्य असतो.

हा केवळ कुतूहलाचा विषय नाही. गुरसरायसारख्या गावात मे महिन्यात दुपारी शेतावरून परतलेल्या माणसाला पुदिना घातलेले पन्हे देतात. त्याने खरोखर बरे वाटते. मात्र ते काम कोण करते, हे समजून घेणे अगत्याचे आहे. उन्हात शरीर घामाच्या बाष्पीभवनाने स्वतःला थंड ठेवते. घामाबरोबर पाणी जाते आणि मीठही जाते. पन्ह्यातील पाणी व मीठ ही तूट भरून काढतात, गूळ किंवा साखर आतड्यात मीठ-पाणी शोषले जाण्यास मदत करते, आणि कैरीची आंबट चव तहान नसतानाही पेय घशाखाली उतरविते. पुदिना त्याला वास व रुची देतो आणि त्यामुळे माणूस अधिक पेय घेतो. पुदिन्याचे श्रेय एवढेच, पण ते थोडे नाही.

म्हणून ‘पुदिना खाल्ला आहे, आता ऊन बाधणार नाही’ ही समजूत धोक्याची आहे. उन्हात काम करणारा मनुष्य बरळू लागला, त्याची शुद्ध हरपू लागली, अंग अतिशय तापले, तर तो उष्माघात होय. अशा वेळी पन्हे करीत बसण्यात वेळ दवडू नये. त्यास सावलीत आणावे, कपडे सैल करून अंगावर पाणी ओतावे, जोराने वारा घालावा आणि विनाविलंब रुग्णालयात न्यावे. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी किंवा पन्हे मुळीच घालू नये. ते श्वासनलिकेत जाऊन प्राणावर बेतू शकते. मेंथॉलचे तेल अथवा मलम तान्ह्या मुलाच्या नाकाशी लावणेही टाळले पाहिजे, कारण त्याने बालकाचा श्वास अडखळण्याची भीती असते.

निवडणे, धुणे, साठविणे

पुदिना घेताना पाने तजेलदार व देठ ताठ असलेली जुडी पाहावी. फुलोरा येऊ लागला असताना रोपातील तेल भरपूर असते, परंतु पाने राठ होतात. चटणीसाठी त्याआधीची कोवळी शेंड्याकडची पाने उत्तम. जून देठ टाकून न देता लावणीसाठी ठेवावेत.

पुदिना बहुधा कच्चाच खाल्ला जातो, म्हणून तो धुण्यात हयगय करू नये. पुदिन्याला ओल आवडते. पुष्कळदा तो सांडपाण्याच्या कडेनेच लावलेला असतो. मलिन पाण्यातून विषमज्वर, कावीळ, अमांश आणि जंतांची अंडी पानांबरोबर घरात येऊ शकतात. पाने देठांपासून खुडून मोठ्या भांड्यातील स्वच्छ पाण्यात बुडवावी, हलवावी आणि वर उचलून घ्यावी. भांड्यातले पाणी पानांवरून ओतू नये, नाहीतर खाली बसलेली माती पुन्हा पानांवर येते. गाळ दिसेनासा होईपर्यंत पाणी बदलावे आणि शेवटी पिण्याच्या पाण्याने पाने विसळून घ्यावी. घरी कुंडीत पुदिना लावला तर त्यालाही स्वच्छ पाणीच घालावे.

ताजी जुडी देठ पाण्यात राहतील अशी पेल्यात उभी ठेवली, किंवा ओलसर फडक्यात सैल गुंडाळली, तर दोन-तीन दिवस टिकते. अधिक काळ ठेवायचा असल्यास पुदिना वाळवावा, पण उन्हात नव्हे. कडक उन्हात तेल उडून जाते व हिरवा रंग फिका पडतो. सावलीत, वारा खेळेल अशा जागी पाने विरळ पसरावी. हाताने चुरता येतील इतकी कोरडी झाली की घट्ट झाकणाच्या बरणीत भरावी आणि लागतील तेव्हाच चुरावी.

चटणीचे शास्त्र

दोन मुठी पुदिना, एक मूठ कोथिंबीर, अर्धी कैरी, दोन हिरव्या मिरच्या, अर्धा चमचा जिरे, चवीपुरते मीठ आणि सुपारीएवढा गूळ, एवढे साहित्य चार-पाच माणसांच्या चटणीला पुरते. कैरी नसेल तेव्हा लिंबू पिळावे. पुदिना एकटाच वाटला तर किंचित कडवट लागतो. कोथिंबीर त्याला सौम्य करते आणि आंबट-गोड चव तो कडवटपणा झाकून टाकते.

हिरवीगार चटणी तासाभरात काळपट का होते? पान शाबूत असते तोवर त्यातील काही द्रव्ये आणि त्यांवर क्रिया करणारे विकर ही पेशीच्या वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. वाटताना कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते आणि हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने तपकिरी रंग तयार होतो. कापलेले वांगे किंवा सफरचंद काळे पडते ते याच कारणाने. आंबटपणा आणि गारठा यांनी या विकराचा वेग मंदावतो. म्हणून कैरी किंवा लिंबू शेवटी न घालता वाटण्याच्या सुरुवातीसच घालावे आणि पाणी थंड घ्यावे. विजेच्या यंत्रात फार वेळ फिरविल्यास चटणी तापते व तिच्यात हवा मिसळते. थोडे थांबून थांबून फिरवावे. पाट्यावर, किंवा बुंदेलखंडातील सिलबट्ट्यावर वाटलेली चटणी कमी तापते आणि तेलाच्या ग्रंथीही चांगल्या चिरडल्या जातात. तिचा वास अधिक खुलतो तो यामुळे. गंजलेल्या लोखंडी सुरीने किंवा खलात पुदिना कुटू नये; लोहाशी संयोग होऊन रंग आणखी काळवंडतो.

आंबटाचा हा उपाय काही काळच चालतो. हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो. आम्ल हळूहळू तो बाहेर काढते आणि उजळ हिरव्याऐवजी शेवाळी रंग येतो. उष्णतेने ही क्रिया वेगाने घडते. तात्पर्य, चटणी लागेल तेवढीच, त्या त्या वेळी करावी. हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. अनुकूल परिस्थितीत काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. त्या हिशेबाने चार तासांत एकाचे चार हजारांहून अधिक होतात. आंबटपणा व मीठ त्यांना आळा घालतात, परंतु झाशीकडील उन्हाळ्यात सकाळची चटणी रात्री खाणे शहाणपणाचे नव्हे.

पन्हे, ताक आणि इतर पदार्थ

पुदिन्याचे तेल बाष्पनशील आहे, म्हणजे उष्णतेने लवकर उडून जाते. यावरून स्वयंपाकाचा एक सोपा नियम निघतो: ताजा पुदिना शेवटी घालावा. पन्ह्यासाठी दोन कैऱ्या उकडून किंवा निखाऱ्यावर भाजून गर काढावा. त्यात गूळ, मीठ व भाजलेल्या जिऱ्याची पूड कालवावी आणि पाणी घालून ते निवू द्यावे. मग दहा-बारा पाने खलबत्त्यात मिठाच्या खड्यांबरोबर चेचून मिसळावी. मिठाच्या खड्यांची खरखर ग्रंथी फोडण्यास उपयोगी पडते. हीच पाने कैरीबरोबर उकडली, तर वास स्वयंपाकघरभर पसरेल आणि पेल्यात फारसा उरणार नाही.

ताकात पुदिना घालताना तो बारीक चिरून, हाताने किंचित चुरून, जिरे व सैंधवासह घालावा. तेल पाण्यात नीट मिसळत नाही, पण स्निग्धांशात मुरते. म्हणून दह्याच्या कोशिंबिरीत पुदिन्याचा वास चांगला धरला जातो. काकडीची कोशिंबीर, उकडलेल्या बटाट्याचे रायते आणि मोड आलेल्या मुगाची उसळ, या तिन्हींत वाढण्याच्या वेळी घातलेली मूठभर पाने पदार्थाचा नूरच पालटतात. पुलाव-बिर्याणीत मात्र पुदिना थरांमध्ये घालून भांड्याचे तोंड कणकेने बंद करतात. वरवर पाहता हा नियमाचा भंग वाटतो. वस्तुतः बंद झाकणामुळे वाफ आत कोंडते आणि तिच्यातील सुगंध भातात मुरतो. चहात घालायचा झाल्यास चहा उतरवून, पाने टाकून झाकण ठेवावे. ज्यांना छातीत जळजळ होण्याचा त्रास आहे त्यांनी पेपरमिंट बेताने घ्यावा. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा स्नायू त्याने सैल पडतो आणि आंबट रस वर येतो.

शेतातील पुदिना आणि पाण्याचा हिशेब

उत्तर प्रदेशात पुदिना हे स्वयंपाकघरापुरते पीक राहिलेले नाही. जपानी पुदिन्याची लागवड १९५० च्या दशकात भारतात आली. लखनौ येथील केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने, जिची स्थापना १९५९ ची आहे, ‘कोसी’ व अन्य सुधारित वाण शेतकऱ्यांच्या हाती दिले. आज बाराबंकी, संभल, रामपूर व बदायूं या जिल्ह्यांत हजारो शेतकरी हे पीक घेतात आणि मेंथॉल-पुदिन्याच्या तेलात भारत जगात अग्रेसर आहे. कापलेली रोपे मोठ्या पात्रात वाफवून ऊर्ध्वपातनाने तेल काढतात. एका हेक्टरातून साधारणतः १०० ते १५० किलोग्रॅम तेल मिळते. ते गार केले की मेंथॉलचे शुभ्र स्फटिक वेगळे होतात. हे स्फटिक ४२ अंशांच्या आसपास वितळतात; म्हणजे झाशीकडील मे महिन्याच्या दुपारी ते सावलीतही आपोआप द्रवरूप होतील!

तथापि या पिकाला पाणी फार लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये लावून जूनपर्यंत कापायचे, म्हणजे ऐन उन्हाळ्यात पुनःपुन्हा पाणी द्यायचे. सरीवरंब्यावर लावणी करून पाण्याची बचत करण्याची पद्धत लखनौच्या संस्थेने सुचविली आहे. गंगेच्या खोऱ्यात जे परवडते, ते बुंदेलखंडात परवडेलच असे नाही. गुरसरायच्या परिसरातील ‘मार’ व ‘काबर’ या काळ्या जमिनी हिवाळ्यातील ओलीवर वाटाणा, हरभरा, मसूर पिकविण्यास योग्य आहेत. उन्हाळ्यात मात्र विहिरींचे पाणी खोल जाते आणि माणसांनाच ते पुरत नाही. अशा प्रदेशात नगदी पिकाचा मोह धरताना तेलाच्या दराइतकाच विहिरीच्या तळाचाही विचार केला पाहिजे.

घरच्या चटणीसाठी एवढा खटाटोप नको. रुंद तोंडाची, तळाला छिद्र असलेली कुंडी, निम्मी माती व निम्मे कुजलेले शेणखत, सकाळचे ऊन व दुपारची सावली, आणि रोज तांब्याभर स्वच्छ पाणी, एवढ्यावर पुदिना वर्षभर पाने देतो. शेंडे खुडत राहिले की तो अधिकच दाट होतो. वर्षातून एकदा कुंडी रिकामी करून धावती खोडे तोडून पुन्हा लावावी, म्हणजे रोप थकत नाही. बागेतील वाफ्यात लावल्यास तो शेजारच्या रोपांवर पसरतो; म्हणून कुंडीच बरी.

तांब्याभर पाण्यात घरच्या घरी उगवणारे हे पान पोषणाचे मोठे भांडार नाही, की उन्हाळ्यावरचे औषध नाही. परंतु साध्या ताक-भाकरीला ते रुची देते आणि तापलेल्या माणसाला पेलाभर पाणी अधिक पिण्यास प्रवृत्त करते. बुंदेलखंडातील उन्हाळ्यात तो अधिकचा पेला फार मोलाचा असतो.